न गिळलेलं दूध

बाबांच्या खोलीच्या दाराशी थोरला थबकला तो पोटाच्या आवाजाने. आधी गुडगुड, मग जरा शांतता, मग लांबलचक कुरकुर. आता दुसऱ्याच्या पोटाचा आवाज दारापर्यंत कसा ऐकू येईल, असं तुम्ही म्हणाल. येतो हो. ज्याच्या मिसरूड फुटतानाच्या कितीतरी रात्री तो आवाज पांघरुणाखाली दाबण्यात गेल्या, त्याला तो भिंतीपलीकडूनही ऐकू येतो.

"आत ये की दादा," मधली म्हणाली. "दारात काय उभा राहिलास पाहुण्यासारखा!"

पाहुणाच होता तो. खाली डेअरी, वर घर. बाबांनी त्याला ज्या सकाळी घराबाहेर काढलं, त्यानंतर आज पहिल्यांदाच तो हा जिना चढला होता. शहरभरच्या इमारतींतल्या लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, आणि हा एक मजला तो कठडा धरून चढला होता. आईला तो अधूनमधून भेटायचा, पण मधलीच्या घरी, चोरून भेटल्यासारखा. धाकट्याशी तर फोनवरही बोलणं नव्हतं.

पलंगावर बाबा होते, म्हणजे बाबांचं जे काही उरलं होतं ते. दोन्ही हातांत दुधाने भरलेले कॅन घेऊन चालणारा माणूस आता उशीएवढा झाला होता. अर्धांगवायूच्या झटक्यात उजवी बाजू गेली, वाचा गेली. डोळे मात्र तेच होते. त्या डोळ्यांनी थोरल्याकडे पाहिलं आणि थोरल्याची मान आपोआप खाली गेली. एवढा केस पांढरे झालेला गडी, पण बाबांसमोर अजून तेच. स्वतःचाच त्याला राग आला.

"हात बघ त्यांचा," मधली म्हणाली.

डावा हात पलंगाच्या कडेवरून खाली लोंबत होता आणि हवेत चाचपडत होता. काहीतरी शोधायचा, सापडायचं नाही, वर यायचा, पुन्हा खाली जायचा.

"मी म्हणते, दाराकडे दाखवतात. तुलाच बोलवत होते. म्हणून तर तुला फोन केला."

"ताईंना तसं वाटतं," धाकट्याची बायको म्हणाली. ती हातात ग्लास घेऊन आत आली होती. "मला वाटतं किल्ल्या शोधतात. गादीखाली ठेवायची सवय ना त्यांना. बसा ना भाऊजी, उभे का?"

"काही शोधबिध नाहीत," पाठोपाठ आलेला धाकटा म्हणाला. पायात अजून डेअरीतले रबरी बूट होते, ओले. "डॉक्टरीणबाई म्हणाल्या, झटक्यानंतर हात असा आपोआप हलतो." एवढं बोलून झाल्यावर त्याने थोरल्याकडे पाहिलं. "आलास?"

"आलो."

"बरं झालं," धाकटा म्हणाला, आणि ते अजिबात बरं झालेलं नव्हतं हे त्या खोलीतल्या सगळ्यांना कळलं. धाकट्याच्या डोक्यात काय चाललंय ते थोरल्याला दिसत होतं. म्हातारा जायला टेकला आणि हा वाटणीला हजर झाला.

धाकट्याची बायको पलंगावर बसली. बाबांच्या गळ्याखाली टॉवेल लावला आणि चमच्याने दूध पाजायला लागली. कोमट, साखर घातलेलं. "हं, बाबा, एवढा एक घोट. माझ्यासाठी. शहाणे ना तुम्ही." तिच्या आवाजात खरी माया होती, तेवढं मान्य करायला हवं. झटका आल्यापासून त्यांचं सगळं तीच करत होती, चादरींपासून नखांपर्यंत. बाबा दूध तोंडात धरून ठेवत. गाल फुगत, ओठांच्या कोपऱ्यातून ओघळ येई. मग ती दोन बोटांनी त्यांचा गळा हळूहळू चोळायची. गळ्याची घाटी वरखाली व्हायची, दूध उतरायचं आणि बाबा डोळे मिटून घ्यायचे.

"गिळणं अवघड जातं त्यांना," ती म्हणाली. "तरी दिवसातून तीन ग्लास जातात. नाहीतर ताकद कुठून येणार?"

"सूप?" थोरल्याने विचारलं.

"सूप पटापट पितात. पण त्यात काय असतं हो, भाजीचं पाणी."

तासाभरात बाबांचा डावा गुडघा पोटाशी आला. तोंडातून कण्हल्यासारखा आवाज, कपाळावर घाम. मधली आणि धाकट्याची बायको एकमेकींकडे न बघता उठल्या, एकीने कूस वळवली, दुसरीने चादर ओढली. खोलीभर आंबट वास पसरला. थोरला खिडकीशी जाऊन उभा राहिला. तो वास त्याच्या ओळखीचा होता. गुडघा पोटाशी घेऊन असं पडून राहणंही ओळखीचं होतं.

*

थोरला घराबाहेर गेला तो ज्या ग्लासापायी, त्याची हकिकत घरात सगळ्यांना पाठ होती, फक्त प्रत्येकाला वेगवेगळी.

झालं होतं एवढंच. एका मोठ्या हॉटेलचा मालक दुधाचं कायमचं गिऱ्हाईक व्हायला आला होता. खालच्या हॉलमध्ये टाक्या घासूनपुसून चकचकीत, कामगार रांगेत उभे. बाबांनी त्याच्यासमोर पितळी ग्लास भरला आणि थोरल्याच्या हातात दिला. "माझा मुलगा पिऊन दाखवेल. यापेक्षा मोठा दाखला नाही." थोरला तेव्हा नुकताच कामाला लागलेला, मिसरूड फुटलेला. कित्येक महिने तो दूध टाळत होता, पण बाबांना सांगायची छाती कुणाची? त्याने ग्लास रिकामा केला. मालक टाक्या बघत, बाबांशी बोलत हिंडला आणि सही करायला टेबलाशी बसला, तेवढ्यात थोरल्याच्या पोटात कळ आली. तो पोट धरून वाकला. मालकाने पेन खाली ठेवलं. "काय झालं याला?" आणि दूध खराब नाही हे सांगायच्या घाईत पोरगं बोलून गेलं, "दूध चांगलंय हो. मलाच बाधतं दूध." एवढं म्हणून पळालं.

मालक गेला तो गेलाच. बाबांनी संध्याकाळपर्यंत तोंड उघडलं नाही. मग पहिला शब्द आला, "ढोंगी." म्हणे काम नको म्हणून पोटाचं निमित्त. दूधवाल्याच्या घरात दूध बाधतं असं चारचौघांत बोलणारा माणूस या घरात नको. दुसऱ्या सकाळी थोरल्याची पिशवी जिन्याखाली होती. आई वरच्या पायरीवर उभी होती, पदर तोंडाशी धरून. ती काही बोलली नाही.

पुढे लिफ्टच्या कंपनीत लागल्यावर एका डॉक्टरने त्याला गोड पाणी पाजलं आणि थोड्या थोड्या वेळाने एका नळीत फुंकायला लावलं. शेवटी कागद बघून म्हणाला, "दुधातली साखर पचत नाही तुम्हाला. आजार नाही हा. जगात कितीतरी लोकांना नाही पचत." थोरला दवाखान्याबाहेर येऊन फुटपाथवर बसला आणि ढसाढसा रडला. लोक बघत होते, बघू देत. आपण ढोंगी नाही हे एका परक्या माणसाने सांगितलं होतं. ज्याने सांगायला हवं होतं त्याच्यापर्यंत ते पोचवायची सोय नव्हती.

आताही तो आला होता तो तेवढ्यासाठीच. वाटणी नको, किल्ल्या नकोत. तो एक शब्द तेवढा मागे घ्यावा. आणि इथे येऊन बघतो तर बाबांची वाचाच गेलेली.

*

"दूध बंद करा त्यांचं," थोरला जेवणाच्या टेबलाशी म्हणाला.

धाकट्याचा घास हातातच राहिला. मग तो हसला, पण डोळ्यांत हसू नव्हतं. "वा! इतक्या वर्षांनी आलास, आणि तुझं तेच तुणतुणं?"

"ऐकून तर घे. दुधात एक साखर असते. ती पचवायला पोटात एक रस तयार व्हावा लागतो. काही जणांच्यात तो वयाबरोबर कमी होत जातो. मग ती साखर तशीच आतड्यात उतरते, तिथे आंबते, वायू धरतो, पाणी सुटतं. कळा, जुलाब. माझं हेच होतं."

"तुझं होतं. बाबांचं काय? बाबा रोज पहाटे टाकीटाकीचं दूध चाखत आलेत."

"मोठ्या दुखण्यात पोट नाजूक होतं. एरवी पचणारंही मग काही दिवस पचत नाही. मी कुठे म्हणतो जन्मभराचं आहे? चार दिवस थांबवून बघा."

"म्हणजे मी त्यांना आजारी पाडलं?" धाकट्याच्या बायकोचा आवाज चिरकला. "दिवसरात्र मी करते, आणि..."

"तुला कोण बोललं गं? तू केलंस म्हणून ते आहेत."

"मग औषधं कशाला देतायत त्या बाई? तपासणीत काही निघालं नाही. जंतू नाहीत, काही नाही," धाकटा म्हणाला.

"म्हणूनच तर म्हणतोय."

आई कोपऱ्यात धुतलेल्या चादरींच्या घड्या घालत बसली होती. ती या घरात नेहमीच कशाच्या तरी घड्या घालत बसलेली असे. तिने मान वर न करता विचारलं, "दही चालतं का रे, तुझ्यासारख्यांना?"

"थोडं चालतं. विरजताना ती साखर बरीच कमी होते. मुरलेलं चीजही चालतं. दूध मात्र चहात घालतो तेवढंच. मी तर कोराच पितो. गोळ्याही मिळतात, जेवणाआधी घ्यायच्या. पाव, बिस्किट, सूप, काहीही घेताना पाकीट उलटून वाचायचं, कशात दुधाची पावडर असेल सांगता येत नाही. एवढं सांभाळलं की मग काही त्रास नाही."

"असं," आई म्हणाली. घडी तिच्या हातात तशीच राहिली होती. मग तिने ती मोडली आणि पुन्हा घालायला घेतली.

मधली उठली आणि तिने डॉक्टरीणबाईंना फोन लावला. थोरला काय म्हणतो ते सांगितलं. मग सगळ्यांना ऐकू येईल अशा आवाजात बाई म्हणाल्या, "मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, यांना दूध चालतं ना? तुम्ही सगळे हसला होतात."

खरंच हसले होते. डेअरीवाल्याला दूध चालतं का म्हणे! धाकट्याने तर हा विनोद खाली कामगारांनाही सांगितला होता.

"बंद करून बघा," बाई म्हणाल्या. "आणि लवकर. अंगातलं पाणी असंच जात राहिलं तर या वयात फार दिवस निघणार नाहीत."

*

दूध थांबलं. जुलाब थांबले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोडा उतार वाटला आणि थोरल्याला हायसं वाटलं. दुपारी पुन्हा तेच. संध्याकाळी दोनदा चादर बदलली. बाबांचे ओठ सालपटासारखे सुकले होते आणि हात चाचपडायचाही दमला होता. तिसऱ्या दिवशी धाकटा नुसता येताजाता थोरल्याकडे बघायचा. बोलला असता तर बरं झालं असतं.

मधलीने थोरल्याला गॅलरीत गाठलं. खाली कॅन वाफेने धुवायचं काम चालू होतं, त्या आवाजात तिला जवळ येऊन बोलावं लागलं.

"दादा, तुला खात्री आहे ना?"

"म्हणजे?"

"रागावू नकोस. मी तुझ्याच बाजूची आहे, माहितेय तुला. पण... तुला ते बरे व्हायला हवेत, की तू खरा ठरायला हवास?"

थोरल्याच्या पाठच्या बहिणीने नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. तीन दिवस त्याला चैन नव्हती, ती कशापायी? प्रत्येक वेळी बाबांचं पोट वाजलं की त्याला बाबांची काळजी आधी वाटायची की स्वतःच्या म्हणण्याची? खरं काय ते त्यालाही सांगता येईना, आणि त्याची त्याला लाज वाटली.

"माहीत नाही गं," तो म्हणाला.

मधलीने मान हलवली आणि आत गेली. तिथून पुढे ती धाकट्याच्या बायकोशेजारी बसायला लागली, त्याच्या शेजारी नाही. अशा गोष्टी घरात कोणी बोलून दाखवत नाही, पण खुर्च्या सांगतात.

दुपारी धाकटा स्वतःच वर आला. हातात तोच पितळी ग्लास.

"पुरे झाले प्रयोग," तो म्हणाला. "अन्नावाचून मारायचंय का त्यांना? सकाळच्या पहिल्या टाकीचं आहे. मी स्वतः आणलंय. आणि दादा, मधे पडू नकोस. एकदा तुझ्या पोटापायी या घराचं वाटोळं झालंय."

"अरे, हळू," आई म्हणाली.

"का हळू? कोणीतरी एकदा मोठ्याने बोलायला नको?"

मधलीने बाबांना उशीला टेकवून बसवलं. धाकट्याने ग्लास ओठांना लावला. बाबांचे गाल फुगले. दूध तोंडात राहिलं. आणि डावा हात, तो दमलेला डावा हात, पुन्हा कडेवरून खाली गेला आणि हवेत चाचपडायला लागला.

धाकट्याची बायको गळा चोळायला पुढे सरकली. थोरला बघत होता. बाबा ताठ बसलेले, गाल फुगलेले, नजर समोर, डावा हात खाली. असं त्याने त्यांना कितीदा पाहिलं होतं! पहाटेचा हॉल, ओली फरशी, लांब दांड्याचा डाव. बाबा टाकीतून डावभर दूध घ्यायचे, तोंडात घोळवायचे, छताकडे बघत विचार करायचे, आणि डावीकडे वाकून पत्र्याच्या बादलीत चूळ टाकायचे. गिळायचं नाही. गिळलं की जीभ आंधळी होते, असं ते प्रत्येक नव्या माणसाला शिकवायचे. बादली कायम डाव्या हाताला. पुढच्या टाकीशी जाताना तीच त्या हाताने उचलून न्यायची.

"थांब!" थोरला ओरडला. "गळा सोड त्यांचा!"

तो न्हाणीघराकडे धावला. तिथल्या बादलीत चादरी भिजत होत्या. त्या त्याने तशाच फरशीवर उपड्या केल्या आणि बादली आणून पलंगाच्या डाव्या कडेला ठेवली. बाबांच्या बोटांना पत्र्याची कड लागली. बोटं तिच्यावर घट्ट मिटली. झटका आल्यापासून ज्या माणसाला कूस बदलता येत नव्हती तो डावीकडे वाकला आणि त्याने स्वच्छ, नेमकी चूळ टाकली. पत्रा वाजला. एक थेंब बाहेर पडला नाही.

मग बाबांनी डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला.

"म्हणजे... हात..." मधली म्हणाली.

"बादली शोधत होते," थोरला म्हणाला. "दार नाही, किल्ल्या नाहीत. बादली."

धाकटा ग्लास धरून तसाच उभा होता. "त्यांना वाटतंय ते खाली हॉलमध्ये आहेत," तो म्हणाला, पण आवाजातला जोर गेला होता. "चाखतायत. एवढंच. याचा अर्थ असा नाही होत की..."

"नाही रे," आई म्हणाली.

ती उठली होती. मांडीवरच्या चादरी खाली पडल्या, तिने उचलल्या नाहीत.

"हे कधीच गिळत नसत. यांना दूध पचतच नाही. लग्न झालं त्या वर्षीच कळलं मला. माझ्या आईने ग्लास हातात दिला, यांना नाही म्हणता आलं नाही, आणि मग रात्रभर... मला शपथ घातली. डेअरी यांच्या वडिलांनी उभी केलेली. दूधवाल्याला दूध पचत नाही हे कळलं तर गिऱ्हाईक काय म्हणेल? म्हणून मग ती चूळ. चव बिव काही नाही. यांनी ते तसं ठरवलं, आणि सगळ्यांनी शिकून घेतलं."

कोरा चहा पिणारा डेअरीवाला, 'विकायच्या मालाला हात लावू नये' म्हणून पोरांना हसवणारा, ताटात रोज दह्याची वाटी मागणारा. सगळं डोळ्यांसमोर होतं, आणि सगळ्यांनी मिळून ते कौतुकाने पाहिलं होतं.

"पण दूध तर बंद केलं होतं," मधली म्हणाली. "तरी जुलाब..."

धाकट्याची बायको भिंतीला टेकून खाली बसली. "मी घालत होते," ती म्हणाली. "सूपमध्ये. पावडर. दुधाची. मला बघवेना हो. नुसत्या पाण्यावर माणूस कसा जगेल? मला वाटलं, एवढ्याने काय होतंय..." आणि ती ओक्साबोक्शी रडायला लागली. मधली तिच्याजवळ बसली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवू लागली. तिला दोष तरी कोणत्या तोंडाने द्यायचा?

धाकट्याने हातातल्या ग्लासाकडे पाहिलं. अर्धा अजून भरलेला होता. त्याने तो तोंडाला लावला आणि घटाघट संपवला, मग मनगटाने ओठ पुसले.

"मला काही होत नाही," तो म्हणाला. "कधीच झालं नाही. मला आवडतं रे दूध! आणि मी कामाला लागल्यापासून रोज थुंकतोय. बाबा थुंकतात म्हणून." त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला. "आणि तुला मात्र प्यायला लावलं."

दोघे भाऊ एकमेकांकडे बघत राहिले. पुढे होऊन एकाने दुसऱ्याला धरलं असतं तर शोभून दिसलं असतं, पण तसं काही झालं नाही. धाकटा ग्लास ठेवून खाली निघून गेला. खालून थोड्या वेळाने कॅन आदळल्याचा आवाज आला.

*

आईला थोरल्याने स्वयंपाकघरात गाठलं. ती ओट्याशी पाठ करून उभी होती.

"मला का प्यायला लावलं मग त्यांनी? स्वतःला माहीत असून?"

"त्यांना वाटलं तुझं तसं नसेल. लहान असताना तू छान प्यायचास, त्यांना केवढा आनंद व्हायचा. आपल्यावर नाही गेला पोरगा, म्हणायचे." ती थांबली. "आणि जे ते जन्मभर लपवत आले, ते तू चारचौघांत बोलून मोकळा झालास. घाबरले रे ते. तुझ्यावर नाही चिडले, घाबरले."

"आणि तू?"

"मी शपथेत होते."

"आता? आता कसली शपथ? मी यायच्या आधीपासून तुझ्यासमोर त्यांना पाजतायत. तीन तीन ग्लास. तू घड्या घालत बसलीस?"

आईने ओट्याची कड धरली. "एकदोनदा मी मोरीत ओतलं, कोणी नसताना. पण ती सारखी जवळ असायची. तोंड उघडलं असतं तर सगळंच सांगावं लागलं असतं. तू जिन्यावरून उतरून गेलास आणि मला सगळं माहीत असून मी मूग गिळून उभी राहिले, हे तुला कळलं असतं. मग तू मधलीकडेही आला नसतास मला भेटायला." ती वळली. डोळे कोरडे होते, रडून संपलेल्या माणसाचे असतात तसे. "एकदा गप्प बसलं ना, की मग पुढे बोलायला जागाच राहत नाही."

थोरल्याला तिच्या अंगावर ओरडायचं होतं. पण ती अजून ओट्याला धरूनच उभी होती, म्हणून त्याने तिच्यासमोर खुर्ची ओढली आणि तिला बसवलं. माफ वगैरे त्याने केलं नाही. तेवढा मोठा तो नव्हता, आणि तसं दाखवायचीही त्याला इच्छा नव्हती. त्याने बाबांसाठी गॅसवर पाणी ठेवलं, मीठसाखर घातली आणि गाळून वाटीत घेतलं.

जुलाब पुढच्या एका दिवसात थांबले. डॉक्टरीणबाई येऊन गेल्या, बराच वेळ नाडी धरून बसल्या, आणि बाहेर येऊन हळू आवाजात म्हणाल्या की पोट शांत झालंय, पण आता शरीर फार थकलंय, उशीर झाला थोडा. मधली भिंतीकडे तोंड करून रडली. धाकटा डेअरीत गेलाच नाही त्या दिवशी, पलंगाच्या पायथ्याशी बसून राहिला. त्याने स्वतःच्या हातांनी पत्र्याची ती बादली घासून परत डाव्या कडेला ठेवली होती. आता तिची गरज नव्हती, पण ती काढ असं कोणी म्हणालं नाही.

दुपारी थोरला पाण्याची वाटी घेऊन बाबांजवळ बसला. बाबा चमच्याने पाणी पीत होते, आणि दर घोटाला गळ्याची घाटी आपली आपण हलत होती. खोली स्वच्छ होती. पोटाचा आवाज नव्हता. थोरल्याला वाटलं, आता विचारावं. बाबा, मी ढोंगी होतो का? पण ज्याच्याकडे शब्दच नाहीत त्याला काय विचारायचं! त्याने चमचा भरला.

बाबांचा डावा हात उचलला गेला. थोरल्याला वाटलं बादली हवीय, म्हणून तो ती सरकवायला वाकला. पण हात खाली गेला नाही. तो हवेतून पुढे आला, शर्टाच्या बटणांना अडखळला आणि थोरल्याच्या पोटावर येऊन थांबला. बेंबीच्या जरा वर, जिथे कळ उठते नेमकी तिथे. ज्याला माहीत आहे त्यालाच सापडावी अशी ती जागा. तळवा पसरला आणि हळूहळू गोल फिरायला लागला, लहान मुलाचं पोट दुखताना फिरवतात तसा.

बाबांचे डोळे भरून वाहत होते. थोरल्याने चमचा वाटीत ठेवला आणि तो हात आपल्या दोन्ही हातांत, पोटावरच, दाबून धरला.

"नाही दुखत आता, बाबा," तो म्हणाला. "मी पीतच नाही."